पाचवीचा कागद

मूल जन्माला येते एक, पण त्याच्या पाठोपाठ घरात दहा-बारा वैद्य जन्माला येतात. कालपर्यंत ज्यांना स्वतःच्या सर्दीवर उपाय सापडत नव्हता, ती माणसे पाळण्यात डोकावून 'लेकराचं पोट गच्च वाटतंय बघा' असे निदान करू लागतात. कुणी जायफळ उगाळायला सांगते, कुणी मध चाटवायला. कुणी टाळूवर तेल थापायला, तर कुणी तेच तेल कानात आणि नाकात सोडायला. गंमत अशी की, यातला प्रत्येकजण आपल्या मताला एक जिवंत पुरावाही दाखवतो. 'आमच्या बंड्याला असंच केलं होतं; आज बघा, पोलिसात आहे!' पोलिसात गेलेल्या बंड्यापुढे आपला युक्तिवाद तो काय टिकणार? जे बंडे पोलिसात जाण्याइतके मोठे झालेच नाहीत, त्यांची साक्ष काढायला मात्र कुणी जात नाही.

हे सारे मला यंदाच्या जानेवारीत पुरेपूर अनुभवायला मिळाले. सेहेचाळिसाव्या वर्षी मी आजी झाले. लेक पहिल्या बाळंतपणाला शुक्रवार पेठेत आमच्याकडे आली होती. दिवस पुरे भरायच्या आधीच ती मोकळी झाली आणि मुलगा झाला तो दोन किलो पन्नास ग्रॅमचा. अडीच किलोच्या आतले मूल कमी वजनाचे समजतात, हे मला ठाऊक होते. पण कागदावरचे दोन किलो आणि हातातले दोन किलो यांत फार अंतर असते. बाजारात दोन किलो बटाटे आपण सहज उचलतो. हे दोन किलो हातात घेताना माझे मनगट कापत होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सोडताना तिथल्या बाईंनी 'बाळाला ऊब द्या, अंगावरचेच दूध द्या आणि लक्ष ठेवा' एवढे सांगितले. ऊब समजली, दूध समजले. लक्ष ठेवा म्हणजे नेमके कशावर, हे विचारीपर्यंत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या होत्या.

मी बालवाडीत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तीन वर्षांच्या पुढच्या मुलांबद्दल मला पुष्कळ कळते, असा माझा समज आहे. तीन दिवसांच्या मुलाबद्दल आमच्या घरात अधिकार एकटीचाच, माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय अठ्याहत्तर, पाठीला थोडा बाक, आवाजाला मुळीच नाही.

आत्याबाईंनी घराचा ताबा घेतला. बाहेरून येणाऱ्याने पाय धुतल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाही. दहा दिवस सोयर. तेवढ्यात पाहुणा नको. बाळाखाली नव्या कापडाचे काही घालायचे नाही. जुन्या, शंभरदा धुतलेल्या लुगड्याची मऊ दुपटी. डोक्याला कुंची. मी मनात म्हटले, हे तर सगळे बरोबरच आहे! सोयरात आपण विटाळ पाहिला, डॉक्टर त्यात गर्दीपासून दूर राहणे पाहील. बाळाला दोन्ही सारखेच. पण त्याच हाताने त्यांनी ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी पेटवायला शेगडी मागितली, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईला सांगावा धाडला. ही बाई तेलुगू बोलणारी, हाताची मोठी कसबी. निम्म्या गल्लीला तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलेले. परंतु दोन किलोच्या लेकराला जानेवारीतल्या सकाळी उघडे करून तांब्यामागून तांब्या ओतायचा, या कल्पनेनेच माझ्या अंगावर शहारा आला.

सुदैवाने त्याच सकाळी आशाताई आल्या. शेजारच्या वस्तीत काम करता करता त्या आमच्या गल्लीतही फिरतात. त्यांनी काय केले, तर आधी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. ते पुसले नाहीत, वाऱ्यावर वाळू दिले. मगच बाळाला हात लावला. आत्याबाई दारातून पाहत होत्या. मला म्हणाल्या, "बाई सोवळ्यातली हाय." त्या एका प्रमाणपत्राने पुढचे सगळे सोपे झाले.

आशाताईंनी झोळीच्या काट्यावर वजन घेतले, बगलेत तापमापक ठेवला आणि मग बाळाची छाती उघडी करून, घड्याळाकडे पाहत, पुरे एक मिनिट श्वास मोजले. बेचाळीस. "बाळ शांत असताना मोजायचे. साठ किंवा वर गेले तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर थांबायचे नाही," त्या म्हणाल्या. पोटाला आणि पावलाला हात लावायला शिकवले: पोट गरम आणि पावले गार, म्हणजे बाळाला थंडी बाधते आहे. वजन भरेपर्यंत आंघोळ नको, ओल्या कोमट फडक्याने पुसा. धुरी नको, कोवळ्या फुप्फुसांना ती सोसत नाही. नाकात तेल नको, ते छातीत उतरते. मध तर वर्षापर्यंत नको. हलक्या हाताने अंगाला तेल लावायला मात्र त्यांची ना नव्हती. त्यामुळे न्हाऊ घालणाऱ्या बाईचाही मान राहिला. काजळावर थोडी घासाघीस झाली. काही काजळांत शिसे सापडते, तेव्हा डोळ्यांत नको, असे आशाताई म्हणाल्या. शेवटी तळपायाला तीट लावावी असा तह झाला. दृष्ट काढणाऱ्याला ती कुठे लावली याच्याशी कर्तव्य नसते, लावली याच्याशी असते.

उबेचा उपाय तर मला फारच आवडला. बाळाला लंगोट आणि टोपडे एवढेच ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभे बांधायचे आणि वरून पदर घ्यायचा. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. गरजेपोटी निघालेली ही युक्ती पुढे इतकी खरी ठरली की, २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या मुलांना जन्मल्याबरोबर हेच करा, असे सांगितले. याला कांगारूची रीत म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "कांगारू कुठं बगितलाय मी? पर वानरीण रोज बगते. तिचं पोर कधी गारठल्यालं ऐकलंय का?"

पाचवी आली ती नेमकी सिद्धेश्वराच्या यात्रेत. बाहेर नंदीध्वजांमागे जाणाऱ्या लोकांचा आवाज, आणि आत पाटा-वरवंट्याची पूजा. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि घरातल्या कुणीतरी जागायचे. कागद आणि लेखणी म्हटले की ती माझ्याच टेबलावरून जाणार. कादंबरीसाठी आणलेल्या रेघी कागदांतला एक आत्याबाईंनी ओढला, माझे पेन घेतले आणि पाट्यापाशी ठेवले. जागायला आम्ही दोघीच. लेक दमून झोपली होती.

आशाताईंनी दूध किती वेळा पाजले, लघवी किती वेळा झाली, श्वास किती, हे लिहून ठेवायला सांगितले होते. रात्री बाराच्या सुमारास बाळ दूध प्याले. जवळ दुसरा कागद नव्हता. मी आत्याबाईंकडे पाहिले आणि सटवाईचा कागद उचलून त्यावर लिहिले: बारा वाजता, दूध, वीस मिनिटे. श्वास चव्वेचाळीस. वाटले होते की आता बोलणी खावी लागतील. आत्याबाई गप्प बसल्या. मग बराच वेळाने म्हणाल्या, "माझं दुसरं लेकरू सातव्या दिशी गेलं. तुला म्हाईत हाय?"

मला सहा बाळंतपणे ठाऊक होती. चार मुले ठाऊक होती. मधल्या दोघांबद्दल पंचवीस वर्षांत मी विचारले नव्हते, त्यांनी सांगितले नव्हते.

"सकाळधरनं त्यानं छाती सोडली. तोंडात दिली तर जबडाच उघडंना. मी सासूला म्हनलं, ह्यो दूध घेईना. ती म्हनली, दृष्ट लागली आसंल. धाकट्या जावंला म्हनलं, ती म्हनली, पहिलटकरनीवानी काय घाबरती? दुपारी मालकांला म्हनलं. ते बाहीर निघून गेले. संध्याकाळी ताठलं. मग समद्यांनी बगितलं."

त्यांच्या आवाजात कुणावरही राग नव्हता. साठ वर्षांपूर्वीचा दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा क्रमाने, त्यांनी जशाचा तसा सांगितला.

ते धनुर्वात असणार. नाळ विळ्याने कापायची आणि वर राख नाही तर शेण दाबायचे, अशी तेव्हा कितीतरी घरांत रीत होती. त्यातून रोगाचे बीज आत जाई आणि आठवड्याच्या आत-बाहेर बाळ दूध सोडी. पाचव्या-सहाव्या रात्री जागण्याची आपल्याकडची चाल कुठून आली, हे पंडितांनी सांगावे. मला एवढे दिसते की ज्यांनी ती पाडली त्यांची भीती खोटी नव्हती. पहिला आठवडा खरोखरच वैऱ्याचा असे. १८७८ साली आनंदीबाई जोश्यांचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला, तेव्हा त्या स्वतः पुरत्या चौदा वर्षांच्याही नव्हत्या. त्या दहा दिवसांतून अमेरिकेची वाट निघाली आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकवतो. पण डॉक्टर होऊन परतलेली बाई पुढच्याच वर्षी गेली, आणि गावोगावच्या पाचव्या रात्री होत्या तशाच राहिल्या. आईला टोचायची धनुर्वाताची लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, या दोन साध्या गोष्टी सर्वदूर पोचून भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाले असे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले.

परंतु त्या रात्री माझ्या मनात घर केले ते रोगाने नव्हे. आत्याबाईंनी पाहिले होते! सकाळीच पाहिले होते. दूध सोडणे हे धोक्याचे पहिले लक्षण, असे आशाताईंच्या वहीत छापलेले आहे. एकोणीस वर्षांच्या निरक्षर पोरीने ते कुणी न शिकवता ओळखले होते आणि तीन माणसांना सांगितले होते. लक्ष ठेवायला ती कुठेच कमी पडली नाही. ऐकून घेणारे, आणि ऐकून काही करू शकणारे, माणूस तेवढे त्या घरात नव्हते.

असे माणूस गावात तयार करता येते, हे आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, सिद्ध झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था काढली. जंगलातली गावे, दवाखाना दूर, बाळंतपण घरीच. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच थोडेफार शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत केले. त्या काय करीत? बाळंतपणाला हजर राहत, वजन घेत, ऊब देत, श्वास मोजत, पुन्हा पुन्हा घरी येत. आणि जंतुदोषाची लक्षणे जुळली तर तिथेच औषध आणि इंजेक्शनही देत. आधी त्या गावांत हजारी बासष्टच्या आसपास मुले पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा पंचवीसच्या घरात आला. शेजारच्या ज्या ४७ गावांत हे काम नव्हते त्यांच्याशी ताडून पाहता बासष्ट टक्के घट झाली, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडातल्या वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आले. गावातल्या बाईने इंजेक्शन द्यायचे, ही कल्पना पुष्कळ डॉक्टरांच्या पचनी पडली नव्हती, पण आकडे समोर होते. २००१ सालच्या बालमृत्यूंवरच्या त्यांच्या अहवालाचे 'कोवळी पानगळ' हे नावच इतके बोलके की, पुढचे वाचायला धीर होऊ नये. पुढे २०११ साली सरकारने आशाताईंमार्फत हीच घरभेटींची रीत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा खेपा. (इंजेक्शनाचा भाग मात्र आशाताईंच्या वाट्याला सरसकट आलेला नाही. शहरात त्याची उणीव भासत नाही. ज्या पाड्यावरून दवाखान्याला जायला ओढा आडवा येतो, तिथे भासत असली पाहिजे.)

आता नवव्या रात्रीचे सांगते. संध्याकाळपासून बाळ सुस्त होते. छातीला लावले की चार घोट घेई आणि झोपी जाई. लेक म्हणाली, दमला असेल. मी पाचवीचा कागद काढला. आदल्या दिवशी याच वेळेपर्यंत आठ वेळा दूध झाले होते. त्या दिवशी पाच, आणि शेवटचे दोन तर नावालाच. पावले गार. मी घड्याळ घेऊन बसले, पण हात असा थरथरत होता की मोजता मोजता आकडा हरवे. आत्याबाई पुढे झाल्या. त्यांना वाचता येत नाही. पण विसांच्या हिशेबात त्या कधी चुकत नाहीत. बाजारहाट सगळा त्यावरच चालतो. "तू निस्तं घड्याळ बग, आन् सांग कवा थांबायचं ते," म्हणाल्या आणि बाळाच्या छातीवर नजर लावून बसल्या. मिनिट संपले. "तीन इसा आन् आठ." पुन्हा मोजले. "तीन इसा आन् सात."

साठ म्हणजे तीन विसा. त्याच्या वर.

रात्रीचे दोन वाजले होते. 'सकाळी दाखवू, आत्ता थंडीत कुठं नेता,' असे घरातूनच एकाने म्हटले. आत्याबाईंनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पुरुषमाणसावर ओरडताना ऐकले. "सकाळ बगायची न्हाई! रिक्षा आन!" लेकीने बाळ छातीशी बांधले, वरून शाल, त्यावर माझा स्वेटर. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली होती. तिथले उंच पाळणे त्या वेळी अंधारात थांबले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाहिले, रक्त काढले, सुई लावली. रक्तात जंतुदोष होता. त्या एवढेच म्हणाल्या, "आत्ता आणलंत ते बरं केलंत." मग माझ्या हातातला चुरगळलेला कागद घेऊन त्यांनी तो बारकाईने वाचला. माझे लिखाण इतक्या लक्षपूर्वक कुणी वाचल्याचे मला आठवत नाही.

दहा दिवस इंजेक्शने चालली आणि बाळ घरी आले. बारसे उशिरा झाले. भेटीदाखल आठ चादरी आल्या. सोलापूर आहे, दुसरे काय येणार! त्यांतली एकही अजून बाळाच्या अंगावर पडलेली नाही. जड पांघरूण तोंडावर आले तर एवढ्याशा हातांनी ते सारता येत नाही. त्याचे झोपणे सपाट अंथरुणावर, उताणे, उशीशिवाय.

उन्हाळा तसा सरळ गेला. मे महिन्यात सोलापूर तव्यासारखे तापते आणि प्रत्येक आल्यागेल्याला बाळाच्या घशाला कोरड पडलेली दिसते. 'दोन चमचे पाणी द्या की!' सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज थेंबभरही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईने मात्र तांब्या जवळ ठेवावा. हे आता आत्याबाईच सगळ्यांना सांगत. घुट्टीची सहाण त्यांनी स्वतः माळ्यावर टाकली.

सध्या स्वारी रांगते आहे, आणि आमच्या जुन्या घराची मला नव्याने ओळख होते आहे. घर पाहायचे तर उभ्याने पाहू नये. हातापायांवर येऊन पाहावे. मी तसे पाहिले. (शेजारच्या काकूंनी खिडकीतून ते पाहिले आणि गल्लीत काही दिवस माझ्या प्रकृतीची चौकशी चालली होती.) चार-चार दिवसांआड नळ येण्याची इतकी वर्षे सवय झाल्यामुळे आमच्याकडे पाणी साठवायला पिंप, टब, बादल्या, मिळेल ते भांडे भरलेले असते. बादलीत वीतभर पाणी असले तरी डोक्याने जड असलेले मूल आत वाकले की त्याला वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. म्हणून आता झाकणाशिवाय एकही भांडे नाही, आणि न्हाणीघराला वरची कडी. दुसरा शत्रू त्याहून लहान. सोलापूरच्या घरात शेंगदाणा नाही असा कोपरा सापडणे कठीण. आमच्याकडे चटणीसाठी शेंगा भाजायच्या, सोलायच्या, कुटायच्या, ते सगळे जमिनीवर बसून. एक दाणा फटीत राहतो, बाळाच्या चिमटीत येतो, तोंडात जातो आणि हसता-रडताना श्वासनळीत उतरतो. चटणीचा उखळ आता ओट्यावर चढला आहे. आत्याबाईंना उभ्याने कुटावे लागते, त्याबद्दल त्या मला रोज दोन शब्द ऐकवतात.

दिवाळीची तयारी चालली आहे. पणत्या यंदा अंगणाच्या कट्ट्यावर, हाताला येणार नाहीत अशा. फटाके गल्लीच्या तोंडाशी. रांगोळी उंबऱ्याबाहेर. लाडू वळून झाले आहेत. पण ते करताना आत्याबाई दोनदा उठून गेल्या. मागच्या आळीत एक मुलगी बाळंत होऊन आली आहे. तिचे बाळ रात्री फार कुरकुरते, म्हणून तिची आई विचारायला आली होती. आत्याबाईंनी पहिला प्रश्न केला, "दूध सोडलंय का?" नाही म्हटल्यावर त्या थोड्या सैलावल्या. तरीही काठी घेतली, चप्पल घातली आणि माझ्यापुढे हात केला.

"घड्याळ दे तुझं. आन् चल, मिनिट सांगाया तू बी लागशील."

लाडवांवर ताट झाकून मी निघाले.